संगत कुणाची वाईट, आप्पा?

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुमच्यावर संताप संताप होतोय. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. गेल्या शनिवारी कात्रपला एका वाढदिवसाला गेली आणि तिथे दारू प्यायली, कोल्ड्रिंकमध्ये घालून. मला फोन आला तो तिच्या जिवलग मैत्रिणीचा. "काकू, लगेच या. आम्ही दोघी प्यायलोय, हिला उलट्या होतायत." मी पोचले तेव्हा बाकीची पोरं पळाली होती. ही एकटीच माझ्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन रडत बसलेली.

दुसऱ्या दिवशी दादा येऊन म्हणाला, "त्या पोरीला घरात पाऊल टाकू देऊ नकोस. संगतीनेच बिघडतात." हुबेहूब तुमचं वाक्य. मला तेव्हाचं आठवलं: अंबरनाथच्या आपल्या खोलीत शाळकरी मी भाकऱ्या थापतेय, माझी मैत्रीण शेजारी बसून मला हसवतेय, आणि तिचा भाऊ पितो एवढंच कानावर आलं म्हणून तुम्ही तिला सांगताय, "उद्यापासून येऊ नकोस." ती चपला हातात घेऊनच जिना उतरली. पुढे कित्येक महिने मी कुणाशी धड बोलले नाही. तुम्ही शेजाऱ्यांना सांगायचात, "पोरगी आता अभ्यासाला लागली." आणि दर रविवारी कंपनीतले तुमचे मित्र यायचे, बाटली उघडायची, कांदा-शेंगदाणे मीच नेऊन ठेवायचे. आई काही बोलली की तुमचं ठरलेलं, "मित्रांना नाही म्हणवत नाही गं." पन्नाशीला आलेल्या माणसाला जे म्हणवत नव्हतं, ते सोळा वर्षांच्या पोरीने म्हणायचं?

मी दोघींना समोर बसवलं, चांगलं फैलावर घेतलं. मैत्रीण म्हणाली, "नको म्हटलं की सगळे 'बच्ची है' बोलतात, काकू." मुलगी म्हणाली, "हिने घेतली म्हणून मी घेतली." मी विचारलं, "आणि हिने नको म्हटलं असतं तर?" ती म्हणाली, "तर मीपण नसती घेतली." मैत्रीण तिच्याकडे बघतच राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं.

दादाला मी कळवून टाकलं, ती येणार. आता रोज संध्याकाळी येते, दोघी अभ्यासाला बसतात, मधूनच खिदळतात. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. त्या गॅलरीत गेल्या की मी दोघींच्या पाण्याच्या बाटल्या उघडून हुंगते.