पाण्याचे फुगे

तिमहदित,
बकरी ईदेआधीचा सोमवार

चि. तूदास आजी इत्तोचे सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र बोट ठेवून ठेवून दोनदा वाचलं. माझी अक्षरं मेंढरांसारखी वाट सोडतात, हसू नकोस. मांडीच्या हाडात कॅन्सर नाही, नुसते पाण्याचे फुगे! अगं, मी दारातच नाचले. शेजारची रब्हा म्हणे, म्हातारीला वारं लागलं. तिलाच आधी पुदिन्याचा चहा पाजला, मग सगळ्या आळीला. फुगे काय, दर ईदेला मेंढीच्या कलेजीत निघतात की! तेवढा तुकडा कापून कुत्र्याला टाकायचा, उरलेली कलेजी निखाऱ्यावर. त्यात डॉक्टरांनी एवढं तोंड पाडायला काय झालं? ईदेला घरी ये. लोभ आहेच, तो घ्यायला ये.

तुझी आजी

मेक्नेस, इस्पितळ,
शुक्रवार

ती. आजीस तूदाचा सा. सलाम. वि. वि.

चहा पाजलास हे वाचून हसावं की रडावं कळेना. आजी, हाडातले फुगे तसे कापून निघत नाहीत. ते बारीक होऊन हाड पोखरत जातात. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला, वाळवी लागलेलं लाकूड बरं. मंगळवारी ऑपरेशन आहे. खुब्याच्या पुढे गेले असतील तर पाय काढावा लागेल.

आणि ते येतात कुठून, माहितेय? फुग्यांची कलेजी कुत्रा खातो, त्याच्या पोटात जंत होतात, मग विष्ठेतून त्यांची बारीक अंडी अंगणात, त्याच्या केसांत, आपल्या हातांत आणि तिथून पोटात. बाईंनी विचारलं, लहानपणी कुत्र्याच्या गळ्यात पडायचीस का? मी म्हटलं, रोजच. यंदा तो तुकडा त्याला टाकू नकोस, खोल पुरून टाक. माझ्यासाठी दुवा माग.

तुझीच तूदा

तिमहदित,
ईदेनंतरचा रविवार

चि. तूदास आजीचे सलाम आणि आशीर्वाद.

ईदेला कलेजी उघडली, फुगे चमकले आणि सुरीच गळून पडली. हेच माझ्या पोरीच्या हाडात! तेवढ्यात रब्हा आपला तुकडा कुत्र्याला फेकायला निघाली. मी तिचं मनगट धरलं. ती म्हणे, आमच्या सासूपासून फेकतोय, कुणाला काय झालं? मी म्हटलं, माझ्या तूदाला झालं. तशी ती फावडं घेऊन आली. आळीतले सगळे तुकडे पुरले, वर दगड रचले. कुत्रा रुसलाय, रुसू दे.

काल तुझा मामा सांगून गेला, पाय राहिला! हाडाचा तुकडा गेला, लोखंड बसवलं. फुगे परत येऊ शकतात, वर्षानुवर्षं तपासत राहायचं, हेही सांगितलं त्यानं. आता लंगडशील म्हणे. लंगड. मीही लंगडतेच. दोघी झऱ्यावर निघालो की कोणी कोणाला सावरलंय, ते रब्हालासुद्धा कळायचं नाही.

लोभ त्या पायाइतकाच जप.

तुझी आजी इत्तो