पुतळ्याचं डावं भिंग

दि. ४ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, मी बरी आहे. फोन केला असता, पण फोन अप्पांच्या खुर्चीशेजारी आणि त्यांचे कान अजून तिखट. हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

आपल्या बोक्याने जाण्याआधी चितारलेला शेवटचा भाग मागच्या आठवड्यात दाखवला. तुम्ही पाहिला नसणार, तुमच्याकडे त्या वेळी बातम्या असतात. आमच्या कार्टूनमधल्या गावात सगळेच लबाड, हे तुम्हाला ठाऊक आहे. पात्रांच्या मागचं ते गाव बोका काढायचा. या भागात चौकात एक पुतळा आहे. टक्कल, मिशा, काखेत छत्री, डाव्या हातात तराजू, चष्म्याचं डावं भिंग दुधी आणि डोक्यावर कबूतर. पडद्यावर तो क्षणभरच दिसतो.

पण इथल्या वर्तमानपत्रात दर रविवारी एक सदर येतं. भागात कुठे काय दडवलंय ते वाचक शोधून पाठवतात. कुठल्या दुकानाची पाटी जुन्या जाहिरातीवरून घेतली, भिंतीवरचं चित्र कशाची नक्कल आहे, गावातला गवळी कोणत्या नटासारखा चालतो, असं सगळं. बोका ते वाचून पोट धरून हसायचा, कारण निम्मं चुकीचं असायचं. या रविवारी पहिलीच ओळ आहे की पुतळा म्हणजे आमचे महापौर. तराजू म्हणजे त्यांची सौदेबाजी, आणि दुधी भिंग म्हणजे लाच घेताना मिटलेला डोळा. कात्रण पुतळ्याच्या चित्रासकट सोबत ठेवलंय.

महापौरांना टक्कल आहे, मिशाही आहेत. त्यांच्या वकिलाची नोटीस आली आणि वाहिनीवाल्यांची पाचावर धारण बसली. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की २७ तारखेच्या भागाआधी माफी वाचून दाखवायची. दिवंगत चित्रकाराने वैयक्तिक आकसापोटी, कुणालाही न विचारता हे केलं, असं त्यात असेल. शिवाय सुरुवातीच्या नावांतून त्याचं नाव काढणार, जुन्या भागांतूनसुद्धा. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं म्हणून त्यांनी मला चहा मागवला. मी घेतला नाही.

ताई, पुतळा कुणाचा आहे हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. अप्पांचा एक फोटो आणि अप्पांचा होकार मिळाला तर हे सगळं थांबेल.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.

तुमची,
छोटी


दि. ७ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

वर ‘चि. सौ.’ लिहून खोडलंय ते तुला दिसेलच. हाताला सवय आहे. दुसरा कागद घ्यायला हवा होता, घेतला नाही.

तुझं पत्र पेटीतून अप्पांनीच आणलं. कुणाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं की छोटीने स्वेटरचा नमुना पाठवलाय. त्यांनी पाकीट तळहातावर तोललं आणि नमुना बराच जड दिसतोय, एवढंच म्हणाले. तेव्हा पुढचं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर टाक. मीही हे तिथेच नोंदणीच्या खिडकीवर बसून लिहिते आहे.

तुझी मागणी मला मान्य नाही. बोका आणि अप्पा शेवटची काही वर्षं हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत, हे तू पाहिलंस. माणसांना वेडंवाकडं काढायचा पगार मिळतो का, असं अप्पांनी विचारलं होतं आणि बोक्याने मिळतो म्हणून आकडा सांगितला होता. तो गेल्यापासून अप्पा वेळेवर जेवतात, वेळेवर फिरून येतात, पण त्याचं नाव काढत नाहीत. अशा माणसाला मी काय सांगू? की तुमच्या मुलाने तुम्हाला चौकात उभं करून डोक्यावर कबूतर बसवलं आणि ते सगळ्या देशाने पाहिलं?

आणि तो डोळा. जिन्यावरून पडलो असं ते सगळ्यांना सांगतात, तुलाही तेच सांगितलं असेल. वजनमापे खात्यात निरीक्षक असताना बाजारात एकाची खोटी वजनं ते जप्त करत होते. त्याने त्यातलंच एक फेकून मारलं, ते डाव्या डोळ्यावर बसलं. आदल्या दिवशी तोच माणूस पाकीट घेऊन घरी आला होता आणि अप्पांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हा आम्ही दोघं शाळेत होतो. कुणी कीव करू नये म्हणून त्यांनी जिन्याची गोष्ट काढली. त्याच डोळ्याला आता लाचखोराचा डोळा म्हणताहेत, हे त्यांच्यापर्यंत पोचवायचं मी?

वाचू देत त्यांना माफी. चार ओळी असतील, लोक विसरतील. अप्पा विसरणार नाहीत.

रागावू नकोस. जेवणाची हेळसांड करू नकोस.

लोभ कमी झालेला नाही, शब्द कडक असले तरी.

ताई


दि. १० मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

डोळ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. तुमचं पत्र वाचून बराच वेळ काम सुचलं नाही.

पुतळ्यात रंग मी भरला. ते भिंग दुधी ठेवलं तर चूक वाटेल, असं मी म्हटलं होतं. तो नको म्हणाला. त्या एका भिंगाचा रंग त्याने स्वतः कालवून दिला. एरवी रंगांत कधी लक्ष घालायचा नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. अप्पा फक्त याच भागात नाहीत, सगळ्याच भागांत आहेत. कधी बाजाराच्या गर्दीत, कधी बसच्या खिडकीत, कधी नुसती छत्री. सदरवाल्यांना हे कधी सापडलं नाही. या लबाडांत अप्पांना का उभं करतोस, असं मी एकदा विचारलं होतं. खरं वजन सांगणारा एक तरी माणूस गावात नको का, नाहीतर बाकीचे लबाड आहेत हे कळणार कसं, असं म्हणाला. कबुतराचं विचारलं, तर अप्पांनी इतकी वर्षं माझ्या वह्या तपासल्या, तेव्हा एक कबूतर त्यांनी सोसावं, असं उत्तर मिळालं.

इकडे प्रकरण वाढतंय. पालिकेची गाडी दिसली की लोक डावा डोळा झाकून दाखवतात. काल बसमध्ये कंडक्टरने सुटे पैसे नाहीत म्हटल्यावर सगळ्या बसने डोळे झाकले. हसण्यासारखं होतं, मला हसता आलं नाही.

माफीच्या मसुद्यावर माझी सही हवी आहे. बायकोची सही असली की बरं दिसतं म्हणे. मी करणार नाही. मग नोकरी राहणार नाही, त्याचं फारसं वाटत नाही. पण दर आठवड्याला त्याचं नाव पडद्यावर येतं, तेव्हा मी टीव्हीजवळ जाऊन उभी राहते. ताई, माझ्याकडे तेवढंच उरलंय.

तुमच्या परवानगीशिवाय अप्पांना एक अक्षर लिहिणार नाही. लोभ असू द्या, नाही म्हणालात तरी.

छोटी


दि. १४ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

परवानगी द्यायची वेळच आली नाही. काल अप्पा फिरून लवकर परतले. चेहरा उतरलेला. थांब्यावर एका माणसाने त्यांच्याकडे बघत हसत डावा डोळा झाकला, असं म्हणाले. तुमच्याकडची ती खूण आता इकडेही पोचली आहे, तो बहुधा मागून येणाऱ्या कंडक्टरला दाखवत असावा. पण अप्पांना वाटलं, आपल्यालाच. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्याला कुणी हसलं नव्हतं, म्हणाले.

मग गप्प राहणं मला जमेना. तू पाठवलेलं कात्रण मी त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी भिंग धरून पुतळा पाहिला, मजकूर दोनदा वाचला. हा डोळा लाचेचा आहे हे कुणी ठरवलं, असं विचारलं. मी म्हटलं, पेपरवाल्यांनी. मग पुतळा कुणी केला म्हणून विचारलं. मी बोक्याचं नाव घेतलं. तू लिहिलेलं सगळं सांगितलं, कबुतरापर्यंत. त्याचं नाव निघणार आहे हेही सांगितलं. ते उठून खोलीत गेले आणि कडी लावली.

रात्री जेवले नाहीत. सकाळी ताट दाराशी तसंच. थोड्या वेळापूर्वी इस्त्रीचा सदरा घालून कुठेसे बाहेर गेले, कुठे ते सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. मी केलं ते बरोबर की चूक, कळत नाही. तुझा राग येतो, बोक्याचा त्याहून येतो. समोर असता तर कान पिळला असता.

मला दोन ओळी लिही, रागाच्या असल्या तरी चालतील. लोभ आपला दोघींचा आहे, तो यात सांडू नये.

ताई


दि. १५ मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद.

तुझ्या साहेबांना काल रजिस्टर टपालाने पत्र पाठवलं आहे. पुतळा महापौरांचा नसून माझा आहे, असं त्यात लिहिलं आहे. डोळा कसा गेला तेही लिहिलं. जिन्याची गोष्ट खोटी होती, ती मी मागे घेतो. एक प्रत महापौरांना आणि एक त्या सदराच्या संपादकांना पाठवली. पत्र पुरेसं नसेल तर मी चेहरा घेऊन समोर उभा राहीन. त्याचं नाव आहे तिथेच राहिलं पाहिजे. तू कशावरही सही करू नकोस.

चित्रात एक चूक आहे. तराजू मी कधीही डाव्या हातात धरला नाही. तो डावखुरा होता. म्हणजे हात त्याचा आहे. ती चूक दुरुस्त करायला सांगू नकोस.

कबुतराबद्दल मला काही म्हणायचं नाही.

ताई सांगते की मी सगळ्याच भागांत आहे. साहेब ते विचारतील. नोकरीत मी न पडताळता कधी शिक्का मारला नाही, तेव्हा न पाहता हो म्हणणार नाही. पहिल्यापासून सगळे भाग, एकही न गाळता, मला दाखवायची व्यवस्था कर. मी कुठे उभा आहे ते तू शेजारी बसून दाखव, एका डोळ्याने सगळं टिपलं जाईलच असं नाही.

वीस तारखेच्या सकाळच्या गाडीने ताई आणि मी निघतो. भाग एकंदर किती आहेत ते उलट टपाली कळव, म्हणजे त्या बेताने कपडे घेतो.

अप्पा