मीठ चाखायचं राहिलंय

चंद्रहास,

आई या पातेल्याकडे फिरकणार नाहीत, म्हणून चिठ्ठी झाकणावरच चिकटवलीय.

आत तुझ्या वाढदिवसाचे ब्राचोले आहेत, त्या तुझ्या आवडत्या इटालियन मांसाच्या गुंडाळ्या. पोर्क कालच आणून ठेवलं होतं, म्हणून केले. सॉस अजून पातळ आहे, मंद आचेवर अर्धा तास ठेव. वाढण्याआधी प्रत्येक गुंडाळीचा दोरा काप. मागच्या वेळी तुझ्या दातात अडकला होता.

सकाळी फ्रिज उघडून आईंनी विचारलं, "हे मांस कोणाचं?" मी घरातच, कपडे धुण्याच्या खोलीत होते. "विभाचं, तिला लागतं," हे तुझं उत्तर मला स्वच्छ ऐकू आलं. तू ऑफिसला निघून गेलास. आईंनी दिवसभर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी पुकेकोहे गावी माझ्या मैत्रिणीकडे, जुईकडे चाललेय. कधी येणार ते विचारू नकोस.

चार वर्षं मी मांसात चीज-लसूण भरतेय, गुंडाळतेय, बांधतेय, सगळं तुझ्या हौसेपायी. स्वतः एकदाही जिभेला लावलं नाही. मीठ नेहमी तूच चाखून सांगायचास.

आज ते कुणीच चाखलेलं नाही. आईंसमोर चाख.

विभा