अप्पांना दिसलेला पिवळा

चिखली,
१९ जानेवारी २०२५

प्रिय विहंग,
अनेक आशीर्वाद.

बंगळुरूला सुखरूप पोचलात हे अनुपमाच्या फोनवरून कळलं. गार्गीचा खोकला थांबला का? इथे थंडी बरीच आहे. मी सोमवारपासून शाळेत जायला लागले. मुलं वर्गात एकदम शहाण्यासारखी वागतात, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

अप्पांच्या तेराव्याला तू माझ्या चित्रांपुढे उभा राहिलास आणि म्हणालास, "ताई, यात काहीच दिसत नाही गं. किती हुबेहूब चेहरे काढायचीस! आता हे रंगांचे पट्टे कशासाठी?" मी चहाचं निमित्त करून आत गेले. फोनवरही सांगवेना, म्हणून लिहितेय.

अप्पांची नजर वयामुळे गेली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. चार वर्षांपूर्वी इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब फार वाढलाय, आठ दिवसांत मोठ्या दवाखान्यात न्या." तेव्हा माझं व्यक्तिचित्रांचं पहिलं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. तीन चेहरे अपुरे होते. आठाचे चाळीस दिवस झाले, विहंग. नेलं तेव्हा उजवा डोळा गेलेला होता आणि डाव्यात थोडा उजेड उरला होता.

प्रदर्शन छान झालं. वर्तमानपत्रात फोटोही आला.

मग मी अप्पांचं चित्र काढलं, अगदी हुबेहूब. त्यांनी कागद डोळ्याशी नेला, लांब धरला आणि हळूच खाली ठेवला. "चांगलंच असंन," म्हणाले. त्यानंतर माझ्याच्याने चेहरा काढवला नाही.

एक दिवस मोठ्या फळीवर नुसता पिवळा रंग देऊन मी ती उन्हात वाळत ठेवली होती. अप्पा काठी टेकत आले आणि थबकले.

"हे पिवळं काय हाय वं? मले दिसून राह्यलं!"

"काय वाटतं तुम्हाला?"

"करडई. अमडापूरच्या वावरातली, फुलावर आलेली."

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून रोज शाळेतून आले की मोठमोठे रंग भरायचे. ते फळीला नाक लावून बघायचे. एका काळपट लालात त्यांना आईचं लुगडं दिसलं, तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाहीत. लोक याला अमूर्त म्हणतात. मी फक्त अप्पांना दिसेल तेवढंच काढत होते.

जायच्या दोन दिवस आधी मी त्यांना सगळं सांगायला बसले. "अप्पा, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले होते..." इतकंच बोलले, तर त्यांनी माझा हात दाबला.

"आयकलं होतं मी तवाच. पडद्यामागंच तं बसलो होतो."

"मग बोलला काऊन नाही?"

"तुह्ये चेहरे अपुरे होते ना, बाई."

काल पुन्हा एक फळी घेतली. निळा भरला. काय दिसतं, हे विचारायला कोणी नव्हतं. तरी कडेपर्यंत भरला.

तू माझ्यावर चिड, हवं तितकं बोल. पण अप्पांसारखा गप्प राहू नकोस.

तुझी ताई,
शरयू