डाग दिलेला डबा

१७ जानेवारी

सकाळीच बादशहाभाई, माझा चुलतभाऊ, दारात. चप्पल न काढताच बोलला, "तुझी मुबशिरा दारूच्या मळ्यात कामाला हाय. तिला घिऊन ये. न्हायतर नाजियाची सोयरीक मोडली म्हणून समज."

नाजिया माझी धाकटी. भाईच्याच पोराशी, शाहबाजशी, तिचं ठरलंय. ती आत चहा गाळत होती. सगळं ऐकलं असणार.

जाताजाता म्हणाला, "घराण्याला डाग लावला थोरलीनं."

जातो म्हणालो. घेऊन येतो म्हणालो नाही.

१८ जानेवारी

नाशिकची एसटी. साताऱ्यापर्यंत तीनदा पिशवी उघडून बीपीच्या गोळ्या पाहिल्या. थोरलीपायी धाकटीचं मोडलं तर?

१९ जानेवारी

गंगापूर धरण. पाणी पार डोंगरापर्यंत. काठाला द्राक्षांचे मळे, मळ्यात हॉटेल. तिथं लोक वाईनचा पेला आधी नाकाला लावतात, मग तोंडाला! मी लांबूनच गेलो.

मुबशिरा पाण्यात होती. एकट्यानं बसायच्या लांबट होड्या असतात, त्या वल्हवायला शिकवते. पेल्याला हात लावत नाही – मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. मला धाडसच झालं नसतं.

एक बाई जाकीट घालूनही काठावर थरथरत उभी. मुबशिरानं तिच्या पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधला. मी माझ्या पत्र्याच्या दुकानात केलेला डबा! हाच बांधून तिला आमच्या कळंब्याच्या तलावात पोहायला शिकवलं होतं.

"हॉटेलचे साहेब हसले होते पहिल्यांदा," म्हणाली. "आता गिऱ्हाईकच डबा मागतं, अब्बा."

दोन केले होते, दोघींना दोन. नाजियाचा माळ्यावर पडून आहे, पाणी न बघितलेला. तेव्हाही भाईच म्हणाला होता, पोरींना किती लोकांपुढं भिजवणार? आणि मी ऐकलं.

२० जानेवारी

म्हणालो, चल घरी. धड म्हणताही आलं नाही.

"नाजियासाठी येते," म्हणाली. "पण माझं काय चुकलं, ते तुमच्या तोंडानं सांगा."

दुपारभर काठावर बसलो, डबा मांडीवर घेऊन. कथील वितळवून जोडलेला सांधा चाचपला. सतरा वर्षं झाली, थेंब आत गेलेला नाही.

भाईला फोन लावला.

"मुबशिरा येणार न्हाय."

"मग बस डाग घिऊन."

"भाई, जलमभर पत्र्याला डागच देत आलो की मी. डाग दिल्याबिगर डबा पाण्यात टिकत न्हाय."

ठेवला फोन. भाईला बोललो खरं, पण नाजियाला काय सांगू? तिचा फोन दोनदा आला. उचलला नाही.

२१ जानेवारी

तिसऱ्यांदा उचलला. मागं गाडीचा आवाज.

"अब्बा, परवाच बादशहाचाच्यांकडं जाऊन आले. शाहबाज नको म्हणून मीच सांगितलं. चाचा तुम्हाला बोलले नसतील. माळ्यावरचा डबा घेतलाय. नाशिकच्या स्टँडवर कोण येतंय न्यायला?"