गोड माती

४ नोव्हेंबर २००६

आलो एकदाचा जहाजावर! तेल्हाऱ्याचा माणूस अरबी समुद्रात; गावात कोणी खरं मानणार नाही. काम मजेचं आहे. सोनार नावाचं यंत्र खाली आवाज सोडतं, परतलेल्या आवाजावरून पडद्यावर खडकाळ तळाचं चित्र उमटतं. मग लोखंडी पंजा सोडून तिथला गाळ वर काढायचा. सारखी कपाशी बुडाल्यावर हा पगार म्हणजे दिवाळीच. निघताना रुख्मिणी म्हणाली, "तुमी पान्यात वाकून पाहू नोका." बायको माझी भित्री.

६ नोव्हेंबर

पहिला गाळ आला. आमचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं; नशिबानं आमचं वावर आणि घरची विहीर तेवढी गोड. त्यामुळे माती दिसली की जिभेला लावायची खोड जन्माची. लावली. गोड! काळी, चिकट, थेट आमच्या वावरासारखी. गावात चाखून तिथंच थुंकतो. इथं डेकवर थुंकायची बंदी, म्हणून गिळली. लहानपणी आई ओरडायची, गिळलेली माती घर मागते. आठवून हसू आलं.

९ नोव्हेंबर

गाळात सरकी निघाली. साहेब म्हणाले, नदीनं आणली असेल. आमची पूर्णा तापीला मिळते, तापी समुद्राला, हे मलाही ठाऊक आहे. पण सरकी कोरडी होती.

११ नोव्हेंबर

जहाजाच्या फोनवरून गावात रहीमभाईंच्या दुकानात फोन लावून रुख्मिणीला बोलावलं. म्हणाली, "हीर खारी झाली. आंगनात खड्डे पडून राहिले, कोनं ओरबाडल्यावानी." आमची पोरगी आचल त्यात शिंपले वेचते म्हणे. किती खड्डे, हे मी विचारलं नाही. मला आकडा ठाऊक होता: पंजा जितक्यांदा खाली गेला तितके. आत्ताच घर सोड म्हणालो. ती म्हणाली, वेचणी झाली की माहेरी अंजनगावले जाऊ.

१२ नोव्हेंबर

पडद्यावर आमची विहीर. शेजारी घर. काम थांबवा म्हणून साहेबांचे पाय धरले. खडक आहे म्हणाले. दुकानाचा फोन कोणीतरी उचलला — आत नुसतं पाणी —

१३ नोव्हेंबर

पडद्यावर घराच्या दारात दोघी. एक मोठी, एक लहान. साहेब म्हणतात खडक. खडक हात वर करतो का —

पंजा सोडला. दोर धरला मी, तळहात सोलले. मला खोलीत कोंडलंय. वर चाक फिरतंय — जड काही येतंय — तोंड अजून गोड —

डेकवर बांगड्या वाजल्या. लहान. कोणी दार खरवडतंय — "बाबा, पानी लय खा—