सत्तावीस चुकलेली उत्तरं

प्रिय बारके,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुला हसू येईल. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच “अहो ताई, जाऊ द्या हो” म्हणशील आणि मी खरंच जाऊ देईन. म्हणून हा कागद. कागदाला मध्येच बोलता येत नाही.

शाळा आहे तशीच आहे. तुझी खिडकीजवळची खुर्ची चित्रकलेच्या सरांनी बळकावली आहे आणि तिच्यावर ते ओले ब्रश वाळत घालतात. मला निवृत्तीला आठ महिने उरलेत. आमचे हे स्वतः निवृत्त झाल्यापासून घरातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत सुटलेत. साखरेच्या बरणीवर ‘साखर’ लिहिलंय, मीठ मात्र तिच्यात भरलंय. तेव्हा माझी निवृत्ती कशी जाणार, याचा अंदाज तुला आलाच असेल.

एक गोष्ट शाळेत कुणालाच सांगितलेली नाही. माझा उजवा कान जवळजवळ गेला आहे. वर्गात उजवीकडच्या रांगांमधून उत्तर आलं की मला नुसती कुजबुज ऐकू येते. पहिले काही महिने मी मान डोलवून “शाब्बास” म्हणत राहिले. एकदा एका पोराने पाण्याला जाऊ का विचारलं आणि मी त्याला शाब्बास म्हटलं. सगळा वर्ग हसला, मीही हसले. उत्तरं ऐकू येत नसतील तर ती दिसली पाहिजेत, हे त्या दिवशी डोक्यात आलं, आणि त्यामागोमाग तुझी कार्डं आठवली.

त्यांची खोकी अजून स्टाफरूमच्या कपाटात वरच होती. प्रत्येक मुलाला एक चौकोनी काळी-पांढरी नक्षी. कार्डाची जी बाजू वर धरावी ते उत्तर. बाईंनी आपला एकच फोन वर्गावरून फिरवायचा, की कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते नावानिशी पडद्यावर. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून धरता येत नाही. तू हे सगळं स्टाफरूममध्ये समजावलं होतंस तेव्हा मी वह्या तपासत बसले होते, मुद्दाम मान खाली घालून. आता मीच संगणकाच्या सरांच्या मागे लागले. त्यांनी माझ्या फोनवर सगळं बसवून दिलं, मुलांची नावं भरायला शिकवलं, आणि तू सर्वांसाठी ठेवलेल्या पाठांच्या फोल्डरचा पत्ताही शोधून दिला. तो अजून उघडतो, बारके. सगळं जागच्या जागी आहे. अगदी ‘पाचवी, अपूर्णांक, घाई करू नये’ या नावाची फाइलसुद्धा.

पहिल्या दिवशी भलताच गोंधळ. अर्ध्या मुलांनी कार्डं तोंडावर धरली, आणि माझा अंगठा कॅमेऱ्यावर. “बाई, बोट काढा!” असं चाळीस जणांनी ओरडून सांगितलं तेव्हा मला ते डाव्या कानाने ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी अपूर्णांकांचा पाठ घेतला. माझा तो पाठ तुला माहीत आहे. फळ्यावर एका दमात काढलेलं वर्तुळ, त्याचे भाग, रंगीत खडू. पाहुणे आले की मोठ्या बाई त्यांना याच पाठाला आणून बसवायच्या. पाठ संपल्यावर नेहमीसारखं विचारलं, समजलं का? सगळे म्हणाले, “हो बाई!” मग तुझ्या फाइलमधला पहिला प्रश्न टाकला: एक छेद तीन मोठा की एक छेद पाच? फोन फिरवला. चाळीसपैकी सत्तावीस जणांचं चुकलं होतं. पाच हा तीनपेक्षा मोठा, म्हणून एक छेद पाच मोठा. हीच मुलं लसावि काढून बेरजा न चुकता करतात. पहिल्या नंबरची मुलगीही त्या सत्तावीस जणांत होती.

बरोबर आलेल्यांत, उजवीकडच्या शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. तिच्या प्रगतिपुस्तकात मी ‘आकलन मंद’ असा शेरा दिला होता. तिला पुढे बोलावून कसं काढलंस विचारलं. ती म्हणाली, “बाई, आम्ही घरात पाच जण आहोत. तीनच असतो तर मला जास्त मिळालं असतं ना?” मग इकडून तिकडून “आँ… हो की” असे आवाज येऊ लागले. मी खुर्चीत बसले. पस्तीस वर्षांत पाठ चालू असताना मी कधी बसलेली नाही.

पुढचे चार दिवस एकही गणित घातलं नाही. तुझ्या फोल्डरमधल्या अपूर्णांकांच्या पट्ट्या पडद्यावर लावल्या, ज्या बोटाने ओढून तोडता येतात आणि एकमेकींखाली ठेवून पाहता येतात. एकेकाला पुढे बोलावलं. शुक्रवारी पुन्हा कार्डं. चौतीस बरोबर. सहा जण अजून अडलेत, पण ते सहा कोण हे आता मला ठाऊक आहे. एरवी ते “हो बाई” म्हणत माझ्यासमोरून सहावीत गेले असते. आधीच्या सगळ्या वर्षांतले किती गेले असतील, हा हिशेब मी सुरू केला आणि सोडून दिला. माणसाला झेपेल एवढंच करावं.

पण बारके, हा आकडा मला नवीन नव्हता. तुलाही नव्हता. माझ्या गुडघ्याच्या दुखण्यात तू आठवडाभर माझा वर्ग सांभाळलास, आणि मी परत आल्यावर दार लोटून घेऊन याच प्रश्नाच्या निकालाचा कागद माझ्यासमोर ठेवलास. “ताई, हे फक्त तुम्हालाच दाखवतेय. आपण दोघी मिळून करू काहीतरी.” किती सांभाळून बोलली होतीस. मी हसून म्हटलं होतं, तुझी खेळणी मुलांना कळली नसतील. तू गेल्यावर मी तो कागद बारीक फाडला.

त्यानंतर पंधरा दिवसांत ती निनावी तक्रार वर गेली. ही शिक्षिका वर्गात मुलांच्या हाती मोबाइल देते, अभ्यासक्रम मागे पडतो. चौकशी नावापुरती झाली, कार्डं कपाटात गेली, तुझ्या सेवापुस्तकात शेरा बसला आणि तू बदली मागून घेतलीस. निरोपाच्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. “असं कोणी लिहिलं असेल हो ताई?” असं विचारलंस. मी म्हटलं, सोड, जगात नाना तऱ्हेची माणसं असतात.

ते मी लिहिलं होतं. मुलांच्या हाती मोबाइल नव्हते, पुठ्ठ्याची कार्डं होती, हे ठाऊक असताना लिहिलं. काल मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आठ महिने राहिलेत तुमचे. कशाला उकरताय?” मी सहीचा जबाब त्यांच्या टेबलावर ठेवून आले. त्याची शिक्का मारलेली प्रत या पाकिटात आहे. शिक्षकांच्या नव्या प्रशिक्षण मंडळावर तुझं नाव त्या शेऱ्यामुळेच अडलंय, असं संगणकाच्या सरांकडून कळलं. शेरा काढायला अर्ज तुलाच करावा लागेल. सोबत ही प्रत जोड. मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. माझं काय होईल याचा विचार करत बसू नकोस, तुझा तो स्वभाव मला माहीत आहे. मला उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. अर्ज मात्र पाठव.

तू जिला ताई म्हणायचीस, ती
तुझीच